बुधवारी चालतं, रविवारी मोडतं: व्हीएस कोड एक्स्टेन्शनचा सेटअप पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. परवापर्यंत नीट चालणाऱ्या मशीनवर एनपीएम इन्स्टॉल (तयार पॅकेजं नेटवरून आणणारी कमांड) मारलं की लाल अक्षरांत 'सर्ट नॉट येट व्हॅलिड' येतं. व्हीएस कोड म्हणजे कोड लिहायचा एडिटर, एक्स्टेन्शन म्हणजे त्याला लावायची जोड; त्यातलं एक्स्टेन्शन शोधायचं पान रिकामं राहतं. गिट (कोडच्या बदलांची नोंदवही) पुश करताना सर्टिफिकेटच्या, म्हणजे समोरची साइट खरी असल्याच्या दाखल्याच्या, नावाने बोंब मारतं. कोड बदलून, सेव्ह करून, एक्स्टेन्शन चालवून बघायला एफ५ दाबलं तरी नव्या विंडोत जुनाच माल चालतो. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकलेलं असेल तर ते व्हर्च्युअलायझेशन बंद आहे म्हणून अडून बसतं. आणि दोन-तीन दिवसांनी, तुम्ही काहीही न करता, यातलं बहुतेक सुरळीत होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

हे 'आपोआप सुरळीत होणं' सगळ्यात महत्त्वाचं लक्षण आहे. आम्ही ते महिनाभर आनंदाची गोष्ट समजत होतो, म्हणून तर एवढा वेळ गेला.

कमांड आणि फायलींची नावं मी तोंडाने म्हणतो तशीच लिहितोय. टाइप करताना रोमन अक्षरं, हे सांगायला नकोच.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे. खाली लेथ आणि ड्रिल, लोखंडी जिना चढून वर गेलं की ऑफिस. तिथे आठ जुने डेस्कटॉप आहेत, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसचा लॉट होता तो. चार मशीन हिशेब आणि ड्रॉइंगसाठी वापरतात, चार नुसतीच. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मी त्या खोलीत आठ-दहा पोरापोरींना एक्स्टेन्शन लिहायला शिकवतो. फी नाही, त्यामुळे माझ्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मशीनबद्दल मात्र सगळेच करतात.

शिकायला घेतलेलं काम साधं होतं: फाईलमध्ये निवडलेल्या मजकुरातले देवनागरी अंक इंग्रजी करायचे आणि उलटही. कल्पना लासलगावच्या एका पोराची. घरचे कांद्याच्या लिलावाचे आकडे मोबाइलवर '१२५०' असे देवनागरीत लिहून ठेवतात, आणि तीच यादी स्प्रेडशीटमध्ये घातली की बेरीज होत नाही. जावास्क्रिप्टलाही हे अंक आकडे वाटत नाहीत. पार्सइंटला '१२५०' दिलं तर उत्तर येतं 'नॅन', म्हणजे हा आकडाच नव्हे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधायची खूणभाषा) उलटी तिरपी रेघ आणि 'डी' हासुद्धा फक्त शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांनाच ओळखतो. देवनागरी अंक युनिकोडमध्ये शून्य ते नऊ असे सलग दहा जागांवर बसलेत, तेव्हा ठरावीक फरक वजा केला की झालं. वीस ओळींचं काम. त्या वीस ओळींसाठी आम्ही पाच रविवार घालवले.

पहिल्या रविवारी चार नंबरच्या मशीनवर 'सर्ट नॉट येट व्हॅलिड' आलं. मी म्हटलं, नेट गंडलंय. पण त्याच वायफायवर सगळ्यांचे मोबाइल चालू होते. मग नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, एनपीएम त्यावरच चालतं) काढून पुन्हा टाकायचं ठरलं. सेटअपची फाईल मोबाइलवर उतरवून केबलने मशीनवर आणली, यावरून आमची जिद्द कळेल, अक्कल नाही. टाकून झालं, एरर तशीच. वेळ संपली. बुधवारी आलो तर पहिल्या फटक्यात इन्स्टॉल झालं. पोरं म्हणाली, "सर, नोड नवं टाकलं ना, त्यानेच झालं." मीही मान डोलावली.

दुसऱ्या रविवारी चार, पाच आणि सात नंबर. पुन्हा नोड काढा, नोड टाका. बुधवारी पुन्हा चालू.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती न कळल्याने बऱ्याच जणांचा जीव जातो. एक्स्टेन्शन बनवताना नोड दोन ठिकाणी असतं. एक तुम्ही टाकलेलं, जे टर्मिनलमध्ये चालतं: एनपीएम, टाइपस्क्रिप्टमधला कोड जावास्क्रिप्टमध्ये बदलणारा कंपायलर, नव्या एक्स्टेन्शनचा साचा बनवून देणारा जनरेटर ही सगळी मंडळी त्यावर उभी. दुसरं व्हीएस कोडच्या पोटात, इलेक्ट्रॉनसोबत आलेलं. तुमचं एक्स्टेन्शन प्रत्यक्षात धावतं ते या दुसऱ्यावर, एक्स्टेन्शन होस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये. म्हणजे एफ५ नंतरच्या विंडोत काही बिघडलं असेल तर टर्मिनलचं नोड दहा वेळा बदलून त्या विंडोला काडीचाही फरक पडत नाही. आणि इन्स्टॉलच होत नसेल तर व्हीएस कोड पुन्हा टाकून उपयोग नाही. आधी कुठलं नोड रडतंय ते बघा, मग औषध द्या.

तिसऱ्या रविवारी मी नव्हतो. पोरांनी इंटरनेटवरून उपाय शोधला: एनपीएम कॉन्फिग सेट स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स. आणि झालं की इन्स्टॉल! मला फोन आला, "सर, सापडलं!" खरं तर ते सापडणं नव्हतं. सर्टिफिकेट तपासूच नकोस, समोर कोणीही असो, आत घे, असं एनपीएमला सांगणं होतं. पॅकेज-लॉक फाईल असेल तर प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, तिच्यात असतो, तेवढं तरी संरक्षण राहतं. पण नवं पॅकेज पहिल्यांदा घेताना तेही नाही. शिवाय हे सेटिंग वापरणाऱ्याच्या फोल्डरमधल्या एनपीएमआरसी फाईलमध्ये लिहून ठेवलं जातं आणि तिथेच राहतं. वर्षभराने कोणाला आठवणार आहे?

चौथ्या रविवारी मात्र निराळंच झालं. अशोका मार्गावरून येणारी एक मुलगी पाच नंबरवर बसते. तिने संदेशातलं 'बदलले' काढून '७ अंक बदलले' असं आकड्यासकट केलं, सेव्ह केलं, एफ५ दाबलं. नवी विंडो उघडली, कमांड चालवली, खाली कोपऱ्यात आलं: 'बदलले'. पुन्हा सेव्ह, पुन्हा एफ५. 'बदलले'. तिने चिडून अख्खी ओळच उडवली. तरी 'बदलले'. मी मागे उभा राहून बघत होतो. टर्मिनलमध्ये कंपायलर गपचूप येऊन जात होता, एकही चूक न दाखवता. कंपायलर तयार फाईल ठेवतो त्या आउट फोल्डरमधली फाईल उघडली तर आत बुधवारचाच कोड.

मी म्हटलं, निदान जे आहे ते गिटमध्ये टाकून ठेव. तिने कमिट केलं आणि मी सहज गिट लॉग मारला. सगळ्यात वरच्या कमिटची तारीख: १ जानेवारी २०१५.

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टने पहिल्यांदा जाहीर केलं २९ एप्रिल २०१५ ला. म्हणजे आमच्या बाईसाहेबांनी व्हीएस कोड जन्मायच्या चार महिने आधीच त्याचं एक्स्टेन्शन लिहून ठेवलं होतं.

आता तुम्ही विचाराल, कोपऱ्यातलं घड्याळ कोणाला दिसलं नाही का? नाही दिसलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची खालची बटणं झाकली जातात म्हणून त्या मशीनवर टास्कबार लपवलेला होता. आणि ब्राउझर उघडायची वेळच येत नव्हती, शोधाशोध सगळी मोबाइलवर. ब्राउझर उघडला असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की तुमचं घड्याळ मागे आहे. एनपीएम तेच सांगत होतं, फक्त वकिली भाषेत. 'नॉट येट व्हॅलिड' म्हणजे 'अजून लागू झालेलं नाही'. सर्टिफिकेट संपलेलं नाही, खोटं नाही, अजून सुरूच व्हायचंय! ही ओळ मी महिनाभर वाचत होतो आणि त्यातला 'येट' गिळत होतो.

प्रत्येक सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. मशीनची तारीख या दोन्हींच्या मध्ये असली पाहिजे. सार्वजनिक वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती, मार्च २०२६ पासून ती २०० दिवसांवर आणली. म्हणजे घड्याळ दहा वर्षं मागे जायचीही गरज नाही. वर्षभर मागे गेलं तरी पुरे.

आणि जुनाच कोड चालण्याचं कारणही तेच घड्याळ. जनरेटरने बनवलेल्या प्रोजेक्टमध्ये कंपायलर सरळ चालतो. आम्ही मात्र अंक बदलायचा भाग आणि एक्स्टेन्शनचा भाग वेगळे करून कंपायलर 'हायफन बी' लावून चालवत होतो. या पद्धतीत तो आधी तारखा बघतो: मूळ फाईल नवी की तयार झालेली फाईल नवी? तयार फाईल बुधवारची. मूळ फाईल आत्ता सेव्ह केलेली, पण मशीनच्या मते 'आत्ता' म्हणजे २०१५. तयार माल मूळ मालापेक्षा दहा-अकरा वर्षांनी नवा, मग पुन्हा कशाला बनवायचा? कंपायलरचं काही चुकलं नव्हतं. खात्री करायची असेल तर त्याच कमांडला 'व्हर्बोज' जोडा, तो स्वतःच सांगतो की प्रोजेक्ट अद्ययावत आहे, कारण सगळ्यात नवी मूळ फाईलसुद्धा तयार फाईलपेक्षा जुनी आहे.

राहिला प्रश्न रविवारचाच. त्याचं उत्तर जिन्याखाली होतं. वर्कशॉपला शनिवारी सुट्टी. शुक्रवारी रात्री तिथले काका सगळीकडे फेरी मारतात आणि मेन स्विच खाली ओढतात. एरवी रोज मशीन नुसतं शट डाउन होतं, पण प्लगमधून वीज चालू असते, आणि पॉवर सप्लाय मशीन बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो. त्यावर घड्याळ टिकटिकतं. मेन स्विच पडला की ती वीजही गेली, मग घड्याळ चालवायची जबाबदारी मदरबोर्डवरच्या गोल सेलवर. आणि तो सेल मेलेला. रविवारी सकाळी वीज आली की बोर्ड नव्याने जन्म घेतो, त्याच्या जन्मतारखेसकट.

मग बुधवारपर्यंत नीट कसं व्हायचं? मी हिशेब बघणाऱ्या ताईंना विचारलं. त्या कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दर सोमवारी तारीख मीच नीट करते ना. बँकेची साइट उघडत नाही त्याशिवाय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

पाच-सहा महिने त्या दर सोमवारी हे करत होत्या. आम्ही नोड टाकत होतो.

आता उपाय. प्रथम तात्पुरता, कारण सेल आणेपर्यंत काम थांबायला नको. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'आपोआप वेळ लाव' चालू आहे, मग ते का लावत नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. कारण असं की डोमेनमध्ये (कंपनीच्या मुख्य सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या सुट्या मशीनवर विंडोजची टाइम सर्व्हिस ५४,००० सेकंदांपर्यंतचाच फरक स्वतःहून दुरुस्त करते. म्हणजे १५ तास. त्यापेक्षा मोठा फरक दिसला की तिला वाटतं, समोरचा सर्व्हरच खोटं बोलतोय. 'सिंक नाऊ' दाबूनही काही होत नाही, आणि कमांडने जबरदस्ती केली तर बदल फार मोठा आहे असं उत्तर येतं. म्हणून आधी तारीख आणि वेळ हाताने लावा, मनगटावरच्या घड्याळाएवढी अचूक असली तरी चालेल, आणि मगच 'सिंक नाऊ' दाबा. टाइम झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हाच आहे ना तेही बघा. झोन अमेरिकेचा आणि वेळ हाताने लावलेली नाशिकची, असं एक मशीन आमच्याकडे निघालं. बघायला घड्याळ बरोबर, आतून बारा-तेरा तास चुकलेलं.

कायमचा उपाय म्हणजे सेल. नाव सीआर२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. लिथियमचा, तीन व्होल्टचा. घड्याळवाल्यांकडे, इलेक्ट्रिकच्या दुकानात कुठेही मिळतो. मी मेन रोडवरच्या एका घड्याळवाल्याकडून आठ एकदमच घेतले. सीआर२०२५ लिहिलेला सेलही तसाच दिसतो पण पातळ असतो, तो घेऊ नका, क्लिपमध्ये ढिला बसतो.

बदलायला पाच मिनिटं लागतात. मशीन बंद करा, मागची केबल ओढून काढा, मग पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. झाकण उघडा. आमच्याकडे झाकण उघडल्यावर आधी ब्रश घ्यावा लागला. वर्कशॉपची धूळ साधी नसते, तिच्यात तेल असतं, ती चिकटते. सेलच्या बाजूला बारीक धातूची जीभ असते, ती हलकेच बाहेर दाबली की सेल उडी मारून वर येतो. अधिकची बाजू वर ठेवून नवा बसवा. जुना सेल मल्टिमीटरवर लावून बघा, उत्सुकता म्हणून: नवा तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, आमचे जुने सगळे दोनच्या खाली होते. एकाने तर शून्य पूर्णांक चार दाखवलं, त्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्यांदा चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) जा. तारीख लावा. पण तेवढ्यावर बाहेर पडू नका. जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंग्जही याच सेलच्या जिवावर टिकतात, त्यामुळे सेल मेला की तीही कारखान्यातून आली तशी होतात. दोन गोष्टी नक्की बघा. एक, व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायची सोय. बऱ्याच बोर्डांवर ते मुळात बंद असतं. तुम्ही कधीतरी चालू केलेलं असतं आणि ते दर वेळी परत बंद होत असतं. डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती किंवा डेव्ह कंटेनर त्यावाचून उठत नाहीत. सात नंबरवरचा पोरगा डब्ल्यूएसएल काढून-टाकून दमला होता, त्याचं कारण हेच. दोन, हार्ड डिस्कचा मोड. तो एएचसीआय वरून दुसरीकडे गेला असेल तर विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबेल. घाबरून फॉरमॅट मारायला घेऊ नका, मोड परत फिरवा.

सेल बसला, तारीख लागली, तरी मागचा कचरा राहतोच. तो काढला नाही तर बुधवारीही मोडायला लागेल. स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स केलं असेल तर एनपीएम कॉन्फिग डिलीट स्ट्रिक्ट-एसएसएल असं करून काढा. नोडचंच सर्टिफिकेट तपासणं बंद करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोणी लावला असेल तर तोही काढा. ज्या फायली २०१५ मध्ये सेव्ह झाल्यात त्यांच्यावर तीच तारीख चिकटलेली असते, घड्याळ सुधारलं म्हणून ती सुधारत नाही. कंपायलर एकदा 'फोर्स' लावून चालवा, किंवा आउट फोल्डर आणि टीएस-बिल्ड-इन्फो ने संपणारी फाईल उडवून नव्याने बांधा. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर अर्धवट इन्स्टॉलमुळे खराब झालं असेल तर ते काढून 'एनपीएम सीआय' करा. ती कमांड लॉक फाईलमध्ये आहे तेच आणि तेवढंच आणते. 'इन्स्टॉल' कधी कधी स्वतःची अक्कल चालवतं. कमिटच्या तारखा मात्र मी बदलू दिल्या नाहीत. राहू देत.

घड्याळ नीट झाल्यावर आठपैकी पाच मशीन गप्प बसली. उरलेल्या तिघांची कारणं वेगळी होती, आणि इतके दिवस ती घड्याळामागे लपली होती.

दोन नंबरवर एफ५ दाबलं की व्हीएस कोड विचारायचा, कुठला डीबगर हवा? हा प्रश्न आला की उत्तर देऊ नका. चुकीचं फोल्डर उघडलंय. जनरेटर आत एक नवं फोल्डर बनवतो आणि डॉट-व्हीएसकोड, लाँच डॉट जेसन वगैरे त्याच्या आत असतं. तुम्ही बाहेरचं फोल्डर उघडून बसलात तर व्हीएस कोडला लाँच डॉट जेसन सापडतच नाही. पॅकेज डॉट जेसन, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती लिहिलेली फाईल, डावीकडच्या यादीत सगळ्यात वरच्या पातळीवर दिसली पाहिजे, कोणाच्या पोटात नाही.

त्याच मशीनवर पॉवरशेल एनपीएमलाच अडवत होतं, स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे म्हणून. सेट-एक्झिक्युशनपॉलिसी, स्कोप करंटयूजर, रिमोटसाइन्ड. एकदा केलं की झालं. करायचं नसेल तर साधं कमांड प्रॉम्प्ट वापरा, तिथे ही अडचणच नाही.

आठ नंबरवर डेस्कटॉपच वनड्राइव्हमध्ये (फायली आपोआप नेटवर चढवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) होता. नोड मॉड्यूल्समधल्या हजारो बारक्या फायली एनपीएम लिहितोय आणि वनड्राइव्ह त्याच वेळी वर चढवतोय. मग कधी परवानगी नाही, कधी फाईल वापरात आहे. सी ड्राइव्हवर सरळ एक फोल्डर करा, नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि सगळं तिथे ठेवा.

सहा नंबरची कथा जरा लांबते, पण ती सांगायलाच हवी, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो: नवी विंडो उघडते, कमांड यादीत दिसते, चालवली की 'कमांड नॉट फाउंड'. दिसते आणि सापडत नाही, हे कसं? कारण यादीत नाव येतं ते पॅकेज डॉट जेसन वाचून, आणि कमांड चालते ती कोडने नोंदवली असेल तर. पाटी लावलेली आहे, दुकान उघडलेलं नाही. म्हणजे एकतर एक्स्टेन्शन जागंच झालं नाही, किंवा जागं झालं आणि दुसऱ्याच नावाने नोंदलं गेलं.

कोणतं ते असं ओळखा. एफ५ ने उघडलेल्या विंडोत, मूळ विंडोत नव्हे, कमांड पॅलेटमधून 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' चालवा. तुमचं नाव तिथे आहे आणि जागं झाल्याचे मिलिसेकंद दिसतायत? मग आयडी जुळत नाही. पॅकेज डॉट जेसनमधला आयडी आणि रजिस्टर कमांडमधला आयडी अक्षरशः सारखा लागतो, मोठ्या-लहान अक्षरांसकट. सहा नंबरवर 'अंकबदल' मधला 'बी' एकीकडे कॅपिटल होता, दुसरीकडे स्मॉल. देवनागरीत ही भानगडच नाही, असं लासलगावकर म्हणाला, आणि ते खरं आहे.

नाव आहे पण लाल खूण आहे? मग जागं होताना मेलं. आउटपुट पॅनेलमध्ये 'एक्स्टेन्शन होस्ट' निवडून पहिली चूक वाचा. पहिलीच, शेवटची नाही. बहुतेक वेळा पॅकेज डॉट जेसनमधल्या 'मेन'समोर जो रस्ता लिहिलाय तिथे फाईलच नसते, कारण कंपाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये होतंय किंवा झालेलंच नाही.

नावच नाही? तर पॅकेज डॉट जेसनमधलं 'इंजिन्स' बघा, व्हीएस कोडची किमान कुठली आवृत्ती लागेल ते तिथे असतं. जनरेटर तिथे व्हीएस कोडची अलीकडची आवृत्ती लिहून मोकळा होतो, आणि तुमच्या मशीनवर जुनी असते. आमच्याकडे जुनी का राहिली होती, ते तुम्ही ओळखलं असेल. पाच रविवार अपडेटही सर्टिफिकेटवरच अडत होतं. व्हीएस कोड अपडेट करा, किंवा 'इंजिन्स'मधली आवृत्ती खाली आणा. खाली आणली तर व्हीएस कोडच्या टाइप्सचं पॅकेजही त्याच आवृत्तीपर्यंत खाली आणा, नाहीतर शेवटी व्हीएससीई ने पॅकेज बांधताना ते अडवेल.

जुने लेख वाचून अॅक्टिव्हेशन इव्हेंट्समध्ये (एक्स्टेन्शनने कधी जागं व्हायचं त्याची यादी) प्रत्येक कमांड लिहीत बसू नका. १.७४ आवृत्तीपासून पॅकेज डॉट जेसनमध्ये दिलेल्या कमांडसाठी ते आपोआप होतं.

आणि एफ५ दाबून काहीच न होता नुसतं थांबून राहत असेल, तर जनरेटरमध्ये ईएसबिल्ड (सगळा कोड एका फाईलमध्ये बांधणारं साधन) निवडलंय का आठवा. त्या साच्याला ईएसबिल्डचे प्रॉब्लेम मॅचर्स देणारं वेगळं एक्स्टेन्शन लागतं. ते नसलं तर पहिलं बिल्ड संपलं हे व्हीएस कोडला कळतच नाही आणि तो वाट बघत बसतो.

सेल बदलल्यानंतरच्या रविवारी मी लवकर गेलो. काकांनी मेन स्विच वर केला, जिना चढून आठही मशीन चालू केली आणि एकेकाची तारीख बघत गेलो. सात बरोबर. सहा नंबर पुन्हा १ जानेवारी. नवा सेल काढून मीटरवर लावला, तीन व्होल्ट चोख. मग टॉर्च मारून बघितलं तर खालची पत्र्याची पट्टी दबून गेली होती, सेलला टेकतच नव्हती. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती केसभर वर उचलली, सेल परत बसवला, केबल काढून पाऊण तास तशीच ठेवली आणि पुन्हा चालू केलं. तारीख जागेवर.

सोमवारी ताईंचा मेसेज आला: "तारीख आज आपोआप बरोबर आहे. तुम्ही मशीनला काही केलं का?"